उघड्या मजल्याची बस

विद्यार्थिमित्रहो, किल्ले, लेणीं, शिलालेख आणि ताम्रपट यांचा इतिहास तुम्ही पुस्तकांत वाचतां. परंतु ज्या गाडींत बसून लाखों माणसें रोज कामास गेलीं, जिच्या दांड्यास धरून कित्येकांनीं प्रथम मोठें शहर पाहिलें, त्या गाडीचा इतिहास बहुधा कोणी तुम्हांस सांगत नाहीं. या लेखांत आम्ही अशाच एका गाडीची हकीकत सांगणार आहों. मुंबईच्या समुद्रकांठीं फिरणारी, जिचा वरचा मजला आकाशास उघडा होता, अशी ती दुमजली बस. ता. ५ ऑक्टोबर २०२३ रोजीं तिची शेवटची फेरी झाली. नाशिकहून मुंबई पाहण्यास गेलेल्या तुमच्यापैकीं कांहींच्या आईबापांनीं तिच्यांत बसून वारा खाल्ला असेल. तुमच्या धाकट्या भावंडांस मात्र ती आतां पहावयास मिळणार नाहीं. ती मूळ कोणासाठीं निघाली, पुढें कोणासाठीं झाली, आणि ती गेल्यावर आपलें कर्तव्य काय, या तीन गोष्टींचा येथें क्रमानें विचार करूं.

प्रथम नांवापासून आरंभ करूं. 'बस' या शब्दाचा अर्थ काय, असें आम्हीं एकदां खालच्या इयत्तेंत विचारिलें. "जिच्यांत बसावयाचें ती बस," असें एका चुणचुणीत मुलानें तत्काळ सांगितलें. उत्तर इतकें गोड होतें कीं, तें चूक म्हणावयास जीव होईना. खरी गोष्ट अशी कीं, हा शब्द 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाची शेपटी होय. 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठीं'. त्यांतील पहिला भाग 'सर्व' या अर्थाचा आणि '-बस' हा केवळ चतुर्थीच्या प्रत्ययाचा अंश. लोकांच्या तोंडीं शब्द झिजत झिजत 'सर्व' गळून पडला आणि प्रत्यय तेवढा उरला! शब्दाची ही गंमत लक्षांत ठेवा. पुढें तिचें काम पडणार आहे.

फ्रान्स देशांतील नान्त शहरीं १८२६ सालीं स्तानिस्लास बोद्री नांवाच्या गृहस्थानें ठराविक वाटेनें जाणारी आणि कोणासहि घेणारी घोड्यांची गाडी सुरू केली. लंडनमध्यें ता. ४ जुलै १८२९ रोजीं जॉर्ज शिलिबीर यानें पॅडिंग्टनपासून बँकेपर्यंत तशीच गाडी चालविली. तिला तीन घोडे जोडलेले असत, आंत बावीस उतारू बसत आणि पूर्ण अंतराचें भाडें एक शिलिंग असे. नांव 'सर्वांसाठीं' असलें तरी त्या काळीं मजुराला एक शिलिंग परवडण्यासारखा नव्हता. मग कांहीं वर्षांनीं गाडीवाल्यांस युक्ति सुचली. गाडीचा टप रिकामाच जात होता. त्यावर माणसें बसवावीं आणि त्यांच्याकडून भाडें कमी घ्यावें. लंडनमध्यें १८५१ सालीं जें मोठें प्रदर्शन भरलें, त्याच्या गर्दीनें ही रीत चांगलीच वाढीस लागली. टपाच्या मधोमध एक लांब बांक घालीत आणि उतारू एकमेकांस पाठी लावून रस्त्याकडे तोंड करून बसत. सुऱ्या घांसण्याच्या फळीसारखा तो बांक दिसे, म्हणून त्यास नांवहि तेंच पडलें.

तेव्हां हें प्रथम ध्यानांत घ्या कीं, उघडा मजला हा मौजेसाठीं जन्मास आलेला नाहीं. तो गरिबांचा दर्जा होता. आंत बसणाऱ्यांस छप्पर आणि गादी. वर बसणाऱ्यांस पाऊस, धूळ आणि धूर. वर जाण्यास लोखंडी पायऱ्यांची अरुंद शिडी असे. लांब झग्यांच्या त्या काळांत स्त्रियांस ती चढणें जवळजवळ अशक्यच होतें. पुढें १८८० नंतरच्या काळांत वळणाचा जिना आला, पुढें तोंड करून बसण्याचे बांक आले, आणि बसणाऱ्या स्त्रियांचे पाय रस्त्यावरून दिसूं नयेत म्हणून कठड्यास आडव्या फळ्या लावण्यांत आल्या. व्यापाऱ्यांनीं लगेच त्या फळ्यांवर जाहिराती लाविल्या. आजहि बसच्या अंगावर ज्या जाहिराती दिसतात, त्यांची परंपरा येथवर जाऊन भिडते.

येथें कोणी विचारील कीं, वरच्या उतारूंवर छप्पर घालण्यास इतकीं वर्षें कां लागलीं? याचें उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. दोन कंपासपेट्या एकीवर एक उभ्या ठेवा आणि खालची हळूच कलती करा. वरचें वजन जितकें अधिक तितकी ती लवकर कोसळते. प्रत्येक वस्तूस एक गुरुत्वमध्य असतो, आणि त्यांतून सोडलेला ओळंबा वस्तूच्या पायाबाहेर गेला कीं वस्तु उलटते. जुन्या मोटारबसचा सांगाडा जमिनीपासून बराच उंच असे. वर माणसें आणि त्यावर आणखी छप्पर झालें तर वळणावर गाडी कलंडेल, असें भय लंडनच्या पोलिसखात्यास वाटे, आणि म्हणून तें छपरास परवानगी देत नसे. सांगाडा खालीं आणल्यावर १९२५ च्या सुमारास तेथें छपराच्या दुमजली बस फिरूं लागल्या. इंग्लंडांत पुढें अशी कसोटी ठरली कीं, खालचा मजला रिकामा ठेवून वरच्या मजल्यावर उतारूंच्या वजनाइतकें ओझें घालावें आणि गाडी २८ अंशांपर्यंत कलती करावी. तरीहि ती उलटतां कामा नये. यावरून दिसेल कीं, दुमजली बस पाहणाऱ्यास वाटते तितकी डळमळीत नसते. तिचें यंत्र आणि चाकें हीं खालीं असल्यामुळें खरें वजन पायाशींच असतें.

छप्पर आल्यावर उघडा मजला शहरांतून नाहींसा झाला. पण नवल असें कीं, जो मजला शहरांत गैरसोयीचा ठरला, तोच समुद्रकांठच्या हवा खाण्याच्या गांवीं लोकांस हवाहवासा वाटूं लागला. सुटीसाठीं आलेल्या माणसास घाई नसते. त्यास वारा हवा असतो आणि समुद्र पहावयाचा असतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गांवीं १९२८ सालीं विजेच्या तारांवर चालणाऱ्या उघड्या मजल्याच्या बस सुरू झाल्या. तेथील तारेवरच्या बसची वाहतूक १९५९ सालीं बंद पडली, परंतु गांवानें जुन्या उघड्या गाड्यांपैकीं एक जपून ठेविली. लोकांनीं तिला 'हॅपी हॅरॉल्ड', म्हणजे 'आनंदी हॅरॉल्ड', असें लाडकें नांव दिलें. एवढ्याशा गांवानें एक जुनी बस सांभाळली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. कां तें पुढें सांगूं.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. मुंबईंत ता. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई, आणि दुसरी बोरीबंदराहून पायधुणीस. ता. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली. १९२० सालीं दुमजली ट्राम आली. पहिली मोटारबस ता. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धांवली, आणि १९३७ सालीं दुमजली बस रस्त्यावर आली. ही बस छपराची होती आणि तशीच असणें अवश्य होतें. ज्या शहरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथें उघड्या मजल्यावर बसून कचेरीस कोण जाणार? ता. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघा आठवडाभर आधीं, ट्राम, बस आणि वीज हा सारा कारभार मुंबईच्या म्युनिसिपालिटीच्या हातीं आला. हीच आपल्या ओळखीची 'बेस्ट'. ट्राम ता. ३१ मार्च १९६४ रोजीं बंद झाली. तांबड्या दुमजली बस मात्र वाढत गेल्या. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांची संख्या सुमारें ९०० होती.

याच काळांत उघड्या मजल्याचा मुंबईंत प्रवेश झाला, आणि तो हेस्टिंग्जप्रमाणेंच मौजेच्या वाटेनें झाला. १९९७ सालीं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळासाठीं उघड्या मजल्याची दुमजली बस फिरूं लागली. 'नीलांबरी' हें तिचें नांव. नीळ्या आकाशाचें वस्त्र हेंच जिचें छप्पर, तिला याहून समर्पक नांव कोणतें असणार? संध्याकाळीं गेटवे ऑफ इंडियापासून निघून ती मंत्रालय, मरीन ड्राइव्ह, चर्चगेट, राजाबाई टॉवर, बोरीबंदर, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल या बाजूंनीं फेरी करी.

वरच्या मजल्यावर बसण्यांत मौज होती हें खरें. पण शिक्षणहि होतें. आपण फुटपाथवरून चालतांना इमारतींचे दरवाजे, दुकानें आणि पाट्या पाहतों. त्यांचें खरें सौंदर्य मान वर करूनहि नीट दिसत नाहीं. बोरीबंदरचें स्थानक आणि त्यासमोरील म्युनिसिपालिटीची इमारत हीं दोन्हीं फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या शिल्पकारानें योजिलेलीं. पहिलें १८८७ सालीं खुलें झालें, दुसरी १८९३ सालीं पुरी झाली. स्थानकाच्या भिंतींवर पक्षी, पशु आणि मनुष्यांचीं तोंडें दगडांत कोरलेलीं आहेत. कारागिरांनीं तीं ज्या उंचीवर बसविलीं, त्या उंचीच्या जवळ सामान्य माणसाचे डोळे नेणारी एकच वस्तु होती, ती म्हणजे ही बस. २०१८ सालीं युनेस्कोनें ओव्हल मैदानाभोंवतालच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या ज्या इमारतींस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांतल्या पुष्कळ इमारती या वाटेवर पडत.

येथें एका गमतीच्या उलटापालटीकडे तुमचें लक्ष वेधतों. लंडनच्या जुन्या गाडींत वर बसणारा कमी भाडें देई. मुंबईंत २०२१ सालीं बेस्टनें उघड्या बसच्या ज्या फेऱ्या सुरू केल्या, त्यांत वरच्या मजल्याचें तिकीट १५० रुपये आणि खालच्याचें ७५ रुपये असें होतें. जी जागा एके काळीं केवळ गरिबांची म्हणून उघडी ठेविली होती, तिचीच किंमत दुप्पट झाली. वारा तोच, आकाश तेंच. बदललें तें पाहणाऱ्याचें मन. पोटासाठीं भिजणें आणि हौसेसाठीं भिजणें यांत किती अंतर आहे, हें याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

मग अशी ही गाडी गेली कां? यांत कोणाचा दुष्टपणा नाहीं. दुमजली बसला प्रत्येक मजल्यास एक असे दोन कंडक्टर लागत. तिचा खर्च एकमजली बसपेक्षां अधिक येई. म्हणून १९९५ च्या सुमारापासून त्यांची संख्या घटत गेली आणि २००८ नंतर बेस्टनें तसल्या नव्या गाड्या घेतल्या नाहींत. गाडीचें आयुष्य पंधरा वर्षांचें धरलें जातें. तें पुरें झालें कीं तिनें रस्ता सोडावा लागतो. २०२३ च्या सप्टेंबरांत जुन्या दुमजली बस सातच उरल्या होत्या आणि त्यांपैकीं तीन उघड्या मजल्याच्या होत्या. ता. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं छपराची शेवटची बस अंधेरीच्या आगरकर चौकापासून सीप्झपर्यंत गेली. लोकांनीं तिला फुलांच्या माळा आणि फुगे बांधले. तीन आठवड्यांनीं उघडी बसहि गेली. त्यापूर्वींच, फेब्रुवारी २०२३ मध्यें, विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बस सुरू झाल्या होत्या. त्या धूर सोडीत नाहींत, आंत उकाडा होत नाहीं. रोज कामास जाणाऱ्या माणसास त्या अधिक सुखाच्या आहेत यांत संशय नाहीं. सर्व जुन्या गाड्या चालूच ठेवाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. रस्ता हा प्रथम कामास जाणाऱ्याचा. मग हौशी माणसाचा.

परंतु सर्व चालू ठेवणें आणि एकहि न ठेवणें यांच्यामध्यें पुष्कळ जागा आहे. आणिक येथील संग्रहालयांत निदान दोन जुन्या बस जपून ठेवाव्या, अशी विनंती शेवटच्या फेरीच्या वेळीं प्रवाशांनीं केली होती. ही मागणी कांहीं जणांस भाबडी वाटेल. तिचें खरें मोल पुढील दोन गोष्टींवरून कळेल.

ता. ४ जुलै २०२४ रोजीं विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय क्रिकेटसंघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून निघाली. ती तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पडद्यावर पाहिली असेल. खेळाडू उघड्या मजल्याच्या बसवर उभे होते, भोंवतीं माणसांचा समुद्र होता. ती बस गुजरातच्या नोंदणीची होती, आणि त्यावरून त्या वेळीं वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. २००७ सालींहि विजयी संघाची मिरवणूक मुंबईंत उघड्या बसवरूनच निघाली होती. या दुसऱ्या खेपेस मात्र मुंबईची स्वतःची जुनी उघडी बस रस्त्यावरून जाऊन नऊ महिने झाले होते.

दुसरी गोष्ट ट्रामची. मुंबईंत ट्राम नव्वद वर्षें धांवली. पुढें नव्या पिढीस ट्राम कशी असे तें दाखवावें असें बेस्टला वाटलें, तेव्हां जुना डबा कलकत्त्याहून आणवावा लागला. बोरीबंदरासमोरील भाटिया बागेंत २०२१ च्या सुमारास तो उभा करण्यांत आला. तो पाहून मुलांस आनंद होतो हें चांगलेंच आहे. तथापि आपल्या आजोबांची तसबीर घरांत लावावयाची आणि तीच शेजाऱ्याकडून मागून आणावयाची, असा हा प्रकार झाला.

आणि मुंबईस हंसण्याचा आपणां नाशिककरांस कांहीं अधिकार आहे काय? तुमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे कीं, आपल्या गांवांतहि ट्राम होती? १८८९ सालीं नाशिकांत अडीच फूट रुंदीच्या रुळांची ट्राम घालण्यांत आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा सल्लागार इंजिनीअर होता. ज्यानें पुढें १८९७ सालीं बारशीची सुप्रसिद्ध अरुंद रेल्वे सुरू केली तोच हा. मेन रोडवरील जुन्या म्युनिसिपालिटीच्या इमारतीपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत सुमारें आठ-दहा किलोमीटर ती जाई. चार घोडे दोन डबे ओढीत आणि वाटेंत बहुतेक सारें रानच लागे. यात्रेकरू, व्यापारी, विद्यार्थी, सर्वांसाठीं हा मार्ग होता. सालोसाल तोटा येत गेला, त्यांत दुष्काळ आणि प्लेग यांचीहि भर पडली, आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद झाली. आज मेन रोडवर उभें राहून कोणी पाहील तर रूळ दिसणार नाहींत, आणि येथून घोड्यांची ट्राम सुटे हें सांगितलें तर पुष्कळांस तें खरेंहि वाटणार नाहीं. जी वस्तु अवघ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षें हजारों पायांनीं चढली-उतरली, ती शंभर वर्षांच्या आंत दंतकथा झाली!

असें कां होतें, याचा विचार करतां आम्हांस वाटतें कीं, राजाची पालखी जपली जाते, कारण ती एकाची असते. तिला मालक असतो, वंशज असतात. सर्वांसाठीं असलेली गाडी मात्र सर्वांची असल्यामुळेंच कोणाचीहि नसते. 'ऑम्निबस' या शब्दांतून 'सर्व' गळाला आणि प्रत्यय राहिला, तसेंच वस्तूंचेंहि होतें. सोय राहते, एक गाडी जाऊन दुसरी येते. पण ज्या सर्वांनीं तिच्यांत बसून आपले दिवस काढले, त्यांची आठवण गळून जाते. ती राखावयाची तर कोणीतरी आपण होऊन राखणदार झालें पाहिजे. हेस्टिंग्जच्या लोकांनीं तें केलें. आपणांसहि तें अशक्य नाहीं.

बस विकत घेऊन अंगणांत ठेवणें कोणाहि विद्यार्थ्यास साधणार नाहीं, आणि पालकांनीं तशी भीति बाळगूं नये. पण वस्तु जपण्याच्या आधीं तिची माहिती जपावी लागते, आणि तें काम बारा वर्षांच्या मुलासहि करतां येतें. या सुटींत एक वही घ्या. घरांतील सर्वांत वृद्ध माणसापाशीं बसा आणि विचारा: तुम्ही शाळेस कशानें जात होतां? टांग्याचें भाडें किती होतें? एस. टी. कोठें थांबे? कंडक्टरच्या हातांतील तिकिटांची पेटी कशी होती आणि चिमट्याचा आवाज कसा येई? मुंबईच्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पहिल्यानें बसलां तेव्हां काय दिसलें? जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. जुन्या पेटींत एखादें तिकीट, पास किंवा छायाचित्र सांपडलें तर तें वहींत चिकटवा आणि खालीं तें कोणाचें आहे तें लिहा. नाशिकांत २०२१ सालीं सुरू झालेल्या 'सिटीलिंक' बसनें तुमच्यापैकीं कित्येक जण रोज शाळेस येतात; तिचाहि एक पास त्या वहींत असूं द्या, कारण आज जें रोजचें आहे तेंच उद्यां दुर्मीळ होतें.

अशा वह्या शाळा उघडल्यावर आम्हांस आणून दाखवा. चांगल्या हकीकती आम्ही पुढील वार्षिकांत घेऊं.